पाठमोरा नागरिक

बायकोचे बूट उलटे करून बघायचे, एवढंच त्याने ठरवलं होतं. आता रविवारी दुपारी घरात बसलेला माणूस काहीही उलटं करून बघतो, त्यात विशेष काही नाही. पण आमचा हा गृहस्थ विमा कंपनीत दावे तपासणारा निरीक्षक. जळून खाक झालेल्या दुकानात न जळालेला गल्ला शोधायचा, पाय मोडलेल्या माणसाला जिना टणाटण उतरताना पकडायचं, यावर त्याचं घर चालायचं. ऑफिसात त्याला ‘भिंग’ म्हणत. (तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.) अशा माणसाने हातात घेतलेला बूट निमूटपणे जागेवर कसा जाणार?

बुटाचे तळवे स्वच्छ होते. लख्ख.

बायको दातांची डॉक्टर. तोंड उघडं टाकून बसलेल्या माणसांशी दिवसभर बोलायची सवय, त्यामुळे उत्तराची वाट बघणं तिच्या स्वभावातच नव्हतं. काही महिन्यांपासून ती एका नागरिक मंचात जायला लागली होती. वकील, आर्किटेक्ट, हिशेबतपासनीस, कॉम्प्युटरवाले अशी तरणीताठी, कमावती मंडळी. शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमून शहराच्या प्रश्नांवर वाद घालायचे आणि रविवारी सकाळी तो प्रश्न प्रत्यक्ष बघायला जायचे. पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो, फुटपाथ मध्येच का संपतो. त्या सकाळी ते सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात गेले होते. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

“आज कुठे गेला होतात म्हणालीस?” निरीक्षकाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“सांडपाणी केंद्रात. काल सांगितलं की तुला.”

“मग? मजा आली?”

“अरे, काय सांगू तुला! शेवटच्या टाकीतलं पाणी इतकं नितळ होतं ना, की...”

पुढचं त्याने ऐकलंच नाही. दावेदार सांडपाण्याबद्दल बोलताना आनंदी आहे, तळव्यांना चिखल नाही. मनातल्या फायलीला त्याने लाल दोरा बांधला.

त्यानंतरच्या आठवड्यात ती आतल्या खोलीत फोनवर बोलत असताना त्याने दाराला कान लावला. (लावला म्हणजे, दाराजवळच काहीतरी पडलं होतं, ते तो उचलत होता. बराच वेळ उचलत होता.) “हो, लवकरच निघू, रस्ता मोकळा असतो... नाही रे, नवऱ्याला कशाला सांगू? त्याला यात काडीचा इंटरेस्ट नाही.” आणि मग ती हसली. पलीकडे कोण होता? तर मंचाचा म्होरक्या. त्याला निरीक्षकाने एकदाच वाचनालयाच्या दारात पाहिलं होतं आणि तेवढ्यात त्याचं नाव ‘दाढी’ ठेवून टाकलं होतं.

ते हसणं त्याला लागलं. आपल्याशी बोलताना ती शेवटची अशी कधी हसली होती, ते त्याला काही केल्या आठवेना. आता प्रश्न बुटांचा राहिला नव्हता. ही बाई आपल्या हातची जाते की काय, या विचाराने त्याचं जेवण सुटलं.

ऑफिसात त्याने थोरल्या साहेबांपुढे सगळं मांडलं. थोरले साहेब म्हणजे निवृत्तीला टेकलेले निरीक्षक. स्वतःच्या सावलीकडेही ते ओळखपत्र मागायचे.

“सांडपाणी बघायला? स्वखुशीने?” त्यांनी चष्मा काढला.

“हो ना.”

“सुटीच्या दिवशी? आंघोळ करून?”

“सेंटसुद्धा लावून.”

“दावा फेटाळा,” थोरले साहेब म्हणाले. मग त्यांना त्याची दया आली. “पाळत ठेव. आणि ध्यानात ठेव, समोरच्याने मागे वळून पाहिलं रे पाहिलं, की आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पाठीला चेहरा नसतो.”

पुढच्या रविवारी बायको बाहेर पडली आणि थोड्या अंतराने हाही. फिकट चौकड्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी. मंडळी बसस्थानकापाशी जमली होती. दाढी सगळ्यांकडे तोंड करून उलटा चालत होता आणि हातवारे करत काहीतरी समजावत होता. बायकोच्या गळ्यात कॅमेरा. घोळका बाजाराच्या रस्त्याला लागला.

बँकेपाशी ते थांबले आणि मागे वळले. निरीक्षक झटकन बँकेच्या भिंतीकडे वळला. पोस्टापाशी थांबले, हा पोस्टाच्या भिंतीकडे. दवाखान्यापाशी थांबले, हा दवाखान्याच्या. नुसतंच ताठ उभं राहणं कृत्रिम वाटेल म्हणून त्याने पाय जरा फाकवले आणि मान खाली घातली. (एकदा तर आकाशाकडे बघून शीळही घातली. कलाकार माणूस!) पुन्हा पुन्हा हे का थांबतात, सारखे मागे काय बघतात, हे मात्र त्याला उमगेना. हे लोक काही बघत नसून काहीतरी शोधताहेत, असं त्याला वाटलं, आणि त्याचा संशय आणखी फुगला.

शाळेच्या भिंतीपाशी घोटाळा झाला. मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

“लाज नाही वाटत? शाळा आहे ही!” एक आजीबाई कडाडल्या.

वळावं तर समोर बायको. निरीक्षकाने मान न वळवता हात जोडले. (एवढ्यासाठी दोन्ही हात वर आले, तेव्हा आजीबाईंनी डोळेच मिटून घेतले.)

“आजी, हळू बोला ना.”

“मी हळू बोलू? तू आवर आधी!”

“आवरतो, आजी. आवरलंच.”

“केवढा घोडा झालाय, आणि पुन्हा आवरलंच म्हणतो!”

आजीबाई पुटपुटत गेल्या. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दाढी बायकोच्या कानाशी काहीतरी कुजबुजला. तिने मागे पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि मग पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. संपलं. दोघं मिळून आपल्याला हसताहेत.

तो गल्लीबोळांतून पळत घरी आला, शर्ट बदलला आणि पेपर उघडून बसला. बायको आली. चहा टाकला, कप त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसली. तिचे डोळे लाल होते.

“मला सगळं कळलंय,” ती म्हणाली.

“मलाही,” हा म्हणाला.

“किती दिवस चाललंय हे?”

“आजच. आईशप्पथ, आज पहिल्यांदाच!”

“खोटं बोलू नकोस. इतक्या सराईतपणे पहिल्यांदा कुणी उभं राहत नाही. बँक, पोस्ट, दवाखाना... शाळासुद्धा सोडली नाहीस रे! आमचा म्होरक्या म्हणाला, बघा, बिचारा आपल्याच रस्त्याने येतोय आणि दर भिंतीपाशी त्याला थांबावं लागतंय. टोपी घातलीस म्हणून काय झालं? मी पाठ ओळखते तुझी.”

निरीक्षकाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. घाम त्याच्याही आधी फुटला.

“माझं शिक्षण हनुवटीच्या वरचं,” ती म्हणाली, “पण एवढं कळतं की हे साधं नाही. मला सांगितलं का नाहीस?”

दोनच वाटा होत्या. मी आजारी नाही, मी तुझ्यावर पाळत ठेवत होतो, असं सांगायचं. म्हणजे आजच घर मोडायचं. नाहीतर आजारी व्हायचं. निरीक्षकाने डोळे मिटले आणि तो आजारी झाला.

“त्रास होतो गं,” तो क्षीण आवाजात म्हणाला.

“मग शुक्रवारी तुला यावं लागेल.”

“डॉक्टरकडे?”

“हॉलमध्ये. अरे, आम्ही आज तेच तर बघत होतो! बसस्थानकापासून दवाखान्याच्या पुढपर्यंत एकही मुतारी नाही. पालिकेचे अभियंते येणार आहेत. दर वेळी म्हणतात, त्या भागात मागणीच नाही.” तिने त्याचा हात घट्ट धरला. “तू मागणी आहेस.”

शुक्रवारी हॉल खच्चून भरला होता. आधी मागच्या सहलीचे फोटो पडद्यावर दाखवले. सांडपाणी केंद्राच्या दारातच सगळ्यांना गमबूट चढवलेले दिसत होते, बायकोलाही. निरीक्षक खुर्चीत थोडा खचला. मग दाढी उठला. “रविवारच्या पाहणीची कल्पना हिची,” म्हणत त्याने पहिल्या रांगेतल्या एका बाईकडे हात केला. त्याची बायको. दिवस भरत आलेले. “गेल्या महिन्यात बाजारात हिला जे सोसावं लागलं, ते कुणाला सोसावं लागू नये.” निरीक्षक आणखी खचला. आता तो खुर्चीत जवळजवळ आडवाच होता.

पडद्यावर बँकेची भिंत आली, कडेला चौकड्यांचा शर्ट. पोस्टाची आली. दवाखान्याची आली. शाळेच्या भिंतीला हॉलभर च् च् झालं.

“अहो, पण हा सगळीकडे एकच माणूस आहे!” अभियंतासाहेब म्हणाले.

“एकच!” दाढी गरजला. “एकट्याचे हे हाल, तर अख्ख्या शहराचं काय होत असेल?”

बायकोने निरीक्षकाला कोपराने ढोसलं. तो उठला. पहिली दोन वाक्यं त्याने टेबलालाच सांगितली. पण मग काय झालं कोण जाणे, आयुष्यभर ऐकलेले सगळे खोटे दावे एकदम त्याच्या मदतीला धावून आले. कुठे आवाज कापरा करायचा, कुठे आवंढा गिळायचा, कुठे खिडकीबाहेर बघत थांबायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? “साहेब,” तो शेवटी म्हणाला, “मी घराबाहेर पडतो तेव्हा रस्ता बघत नाही. भिंती बघतो.” पहिल्या रांगेतली ती बाई हुंदका देऊन रडायला लागली. अभियंतासाहेबांनी तिथल्या तिथे स्वच्छतागृह मंजूर असल्याचं जाहीर केलं. टाळ्यांनी हॉल दणाणला.

दोघं चालत घरी निघाले. टाळ्या अजून कानात होत्या, पण त्या त्याला टोचायला लागल्या होत्या.

“ऐक ना. मी आजारी नाही,” तो रस्त्यातच थांबून म्हणाला.

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तुला चहा दिला त्याच्या आधीपासून. येताना रिक्षात फोटो मोठा करून बघितला. भिंत कोरडी होती रे. सगळ्या भिंती कोरड्या होत्या.”

निरीक्षकाने तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. (तिला अशा माणसांशी बोलणं सोपं जातं.)

“मग तू रडलीस ते?”

“ते खरं होतं. आपला नवरा टोपी घालून आपल्यावर पाळत ठेवतो, हे कळल्यावर काय हसू? शुक्रवारपर्यंत तोंड मिटून बसायचं, मुतारी मंजूर करून घ्यायची आणि बॅग भरून माहेरी निघायचं, असं ठरवलं होतं मी.”

“आणि आता?”

एक बस गेली, दुसरी गेली.

“आता काय! म्होरक्याच्या बायकोला रडवलंस तू. ती कधी कुणापुढे रडत नाही. बॅग राहू दे.” ती चालायला लागली. “मी किती वेळा म्हटलं, चल रे माझ्याबरोबर. तू एकदा तरी विचारलंस, काय बघता म्हणून? संशय आला तर मला विचारायचं. आणि येत्या रविवारी पुलाची पाहणी आहे. तू येणार आहेस. माझ्या बरोबरीने. मागून नाही.”

तो बरोबरीने चालायला लागला. जरा पुढेच गेला, तर तिने शर्टाला धरून मागे ओढलं.

स्वच्छतागृह बांधून झालं. उद्घाटन त्या ‘पीडित नागरिका’च्याच हस्ते व्हावं, असा मंचाने एकमताने ठराव केला. निरीक्षक दाढी घोटून, नवा कोट घालून, फितीपुढे हसऱ्या चेहऱ्याने उभा राहिला. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला अभियंतासाहेब. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर पुढे आला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. त्याचं समाधान होईना.

“साहेब, जरा वळता का?”

“असा? उजवीकडे?”

“नाही, पूर्ण वळा. भिंतीकडे तोंड. चेहऱ्याने कोण ओळखणार तुम्हाला?” त्याने पुन्हा कॅमेरा उचलला. “हां... पाय थोडे फाकवा... आणि मान खाली, साहेब, नेहमीसारखी!”