ज्योतीरामचं राहतं घर

चिंचवडच्या गल्लीतलं ते घर ज्योतीरामच्या नावावर होतं, पण सगळी गल्ली त्याला मीरासाहेबांचं घर म्हणायची. मीरासाहेब पुढच्या दोन खोल्यांतला भाडेकरू. स्कूटर दुरुस्त करायचा, पोरांच्या सायकलींना फुकट हवा भरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजायचा. ज्योतीराम मागच्या दोन खोल्यांत. कारखान्यातली शिफ्ट संपवून तो घरी यायचा, पुढच्या ओट्यावरची गर्दी बघायचा आणि त्याच्या पोटात दुखायला लागायचं.

शेवटी त्यानं मालकी दाखवायला सुरुवात केली. आधी ओट्यावर आपली खाट टाकली. मग मीरासाहेबाच्या खिडकीसमोर धोतरं वाळत घातली. मग त्याच्या माळ्यावर गोवऱ्यांची पोती चढवली. "जागा माजी हाय," तो म्हणायचा. मीरासाहेब हसून पोतं चढवायला हात लावायचा, आणि ज्योतीराम आणखीच जळायचा.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी घराला चांगला भाव आला. ज्योतीरामनं ते विकलं आणि पिंपळे सौदागरला नवं बांधायला काढलं. ते उभं राहीपर्यंत दोघांनी तिथंच राहायचं, असं घेणाऱ्याशी ठरलं. मीरासाहेबानं कुरकुर न करता खोल्या सोडायचं कबूल केलं, तर गल्लीनं कौतुक केलं तेही त्याचंच!

आणि एक दिवस प्राप्तिकर खात्याचा इन्स्पेक्टर दारात उभा राहिला.

"विकलेलं घर मुख्यतः तुमचं राहतं असेल, तर नव्या घरात घातलेल्या नफ्यावर कर नाही," तो म्हणाला. "भाड्यानं दिलेलं असेल, तर मात्र भरावा लागेल."

"मीच ऱ्हातो की, साहेब! विचारा कुणालाबी!"

साहेबानं कोपऱ्यावरच्या यशोदाबाई भाजीवालीला विचारलं.

"त्ये व्हय? मीरासाहेबांचं घर."

"मग ज्योतीराम कोण?"

"त्ये मागं असत्यात. मीरासाहेबांनी ठिवून घेतलंय बिचाऱ्यांना."

ज्योतीरामचा चेहरा वांग्यासारखा झाला. साहेबानं बॅग बंद करायला घेतली. दारातून कुसुमताईंनी नवऱ्याला खुणावलं.

"मीरासाहेबभावजींना बोलवा."

"मी? त्येच्या दारात जाऊ?"

"न्हाईतर भरा कर. नव्या घरावर स्लॅबऐवजी धोतर ताणू."

ज्योतीराम गेला. इतकी वर्षं छळलेला माणूस आता उट्टं काढणार, याची त्याला खात्री होती. मीरासाहेब हात पुसत आला.

"साहेब, दोन खोल्यांचं भाडं मी देतो, खरं आहे. पण राहतात हेच. बघा ना. ओट्यावर खाट ह्यांची, खिडकीत धोतरं ह्यांची, माळ्यावर गोवऱ्या ह्यांच्या. माझ्या फळीवर लोणच्याच्या बरण्यापण वहिनींच्या. परवा माझा मेहुणा आला, तर दार ह्यांनीच उघडलं. 'मालक मी' म्हणाले, आणि त्यानं आणलेले लाडू खाऊन टाकले."

यात तक्रारीचा सूर नव्हता. तेच ज्योतीरामला जास्त लागलं. कुठं बघावं ते त्याला कळेना. साहेब मात्र पोट धरून हसला.

"मुख्यतः काय, हे तर सगळंच मालकाचं राहतं घर आहे!"

कर माफ झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी ज्योतीराम पहिल्यांदाच मीरासाहेबाकडे चहाला बसला.

"मीरासाहेब, नव्या घरात दोन खोल्या जास्तीच्या काढल्यात. तुमीच या. भाडं कमी लावतो."

"तुम्ही बोललात, यातच सगळं आलं, भाऊ. पण मीपण तिकडंच जागा घेतली. तुमच्या शेजारीच. म्हटलं, एवढी वर्षं एकत्र काढली, आता दुसरा शेजार कुठं शोधायचा?"

ज्योतीरामचे डोळे भरून आले. असा माणूस, आणि आपण त्याच्याशी असं वागलो! त्यानं बशी खाली ठेवली, मीरासाहेबाचा हात हातात घेतला आणि जड आवाजात विचारलं,

"किती गुंठं?"