डाव्या खिडकीतलं बेंगळुरू

राजधानीचं शहर पायी फिरूनच समजतं, याबद्दल जाणकारांमध्ये दुमत नाही. दुमत नसल्यामुळे ते करून पाहण्याची वेळ कुणावर आलेली नाही.

तरीही बेंगळुरू शहरातील प्रेक्षणीय स्थळं पायी दाखवणारी एक मार्गदर्शक पुस्तिका काढावी, असा ठराव शहराच्या उत्तरेकडील एका मराठी मंडळाने एकमताने संमत केला (हजर सभासदांपैकी जे जागे होते, त्यांचं एकमत). पुस्तिकेचं नाव 'पायी बेंगळुरू' ठरलं. लेखनाची आणि पहिली फेरी काढण्याची जबाबदारी ज्येष्ठ सभासद रत्नाकरराव यांच्यावर सोपवण्यात आली. ती त्यांनी स्वतःच मागून घेतली होती, याचा इतिवृत्तात उल्लेख नाही.

मागून घेण्याचं कारण होतं सर्जापूर रोड.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या या रस्त्यावर रत्नाकररावांचा मुलगा आशय आणि सून वल्लरी चौदाव्या मजल्यावर राहतात. आईबाबांनी हेब्बाळजवळचं तळमजल्याचं घर सोडून आपल्याकडे यावं, असा त्यांचा आग्रह. आग्रह प्रेमाचाच होता, म्हणून जास्त धोकादायक. रत्नाकरराव मिरजेहून इथे नोकरीला आले त्याला चाळीसेक वर्षं झाली. घराला फाटक, फाटकाला कडी, कडीच्या आवाजावरून कोण आलं ते आतूनच ओळखणाऱ्या पत्नी नयनाताई, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात काही न सांगता एका कॉफीचे दोन पेले करून पुढे सरकवणारा मालक. चौदाव्या मजल्यावर कडी नव्हती. तिथे कार्ड लागायचं, आणि ते रत्नाकररावांनी दोन भेटींत तीनदा हरवलं होतं.

"बाबा, बी प्रॅक्टिकल," आशय म्हणाला. "तुमचा गुडघा बघा. गेटपासून रिक्षापर्यंत तुम्ही चालत नाही."

"मी? अरे, हे अख्खं शहर मी पायाखाली घातलंय!"

"कधी?"

"तुझ्या जन्माआधी." (यावर आशयला हरकत घेता येईना. त्याच्याकडे साक्षीदार नव्हता.)

"ओके, डन. मंडळाचा तो वॉक सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी करून दाखवा, मी सर्जापूरचं नाव काढणार नाही. मधे रिक्षा केलीत, तर दुसऱ्या दिवशी पॅकर्स."

"केला म्हणून समज!"

स्वयंपाकघरातून नयनाताई "अहो, जरा विचार करून..." म्हणाल्या, तोवर बोलून झालं होतं.

आता वस्तुस्थिती सांगायला हवी. रत्नाकररावांनी हे शहर पायाखाली घातलं नव्हतं. ते त्यांनी बसच्या चाकाखाली घातलं होतं. ते एका सरकारी कारखान्यात अभियंता होते (तिथे काय बनत असे ते गोपनीय आहे. रत्नाकररावांनाही ते निवृत्तीपर्यंत नीटसं कळलं नव्हतं). कारखान्याची बस घराजवळून निघे, शहराच्या पोटातून जाई आणि दुसऱ्या टोकाला कारखान्याच्या फाटकात रिकामी होई. बसमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असे, आणि रुमाल टाकून ती राखली जाई. रत्नाकररावांची जागा डाव्या खिडकीची. उजव्या खिडक्या हिशेब खात्याकडे होत्या, आणि हिशेब खात्याशी वाद घालण्याची प्रथा नव्हती.

त्यामुळे सगळ्या नोकरीत त्यांनी शहराची डावी बाजू अत्यंत बारकाईने पाहिली. संध्याकाळी तीच बस त्याच रस्त्याने परत यायची, तेव्हा त्याच खिडकीतून दुसरी बाजूही दिसली असती. पण संध्याकाळी रत्नाकरराव तोंड उघडं टाकून झोपत. अशा रीतीने अर्ध्या राजधानीवर त्यांचं प्रभुत्व होतं, आणि अर्ध्या शहराची माहिती असलेला माणूस मंडळात दुसरा नव्हता.

(मंडळाने याबाबत पाहणीही केली. विधानसौध पाहिलेले सभासद: शंभर टक्के. त्यांपैकी गावाहून पाहुणे आले म्हणून पाहिलेले: शंभर टक्के. गाडीतून न उतरता पाहिलेले: ब्याण्णव टक्के. उरलेल्या आठ टक्क्यांची गाडी तिथे बंद पडली होती.)

रत्नाकरराव आरामखुर्चीत बसले, डोळे मिटले, मनातल्या मनात रुमाल टाकला आणि पुस्तिका लिहून काढली. तिच्यातले काही उतारे असे:

"केंपेगौडा बुरूज, मेख्री सर्कल. शहराच्या सीमा दाखवणारे असे चार बुरूज आहेत. शहर यांच्याबाहेर वाढल्यास अनर्थ होईल अशी समजूत आहे. आपण सर्वजण यांच्याबाहेर राहतो."

"राजवाडा. भिंत प्रेक्षणीय आहे. बराच वेळ प्रेक्षणीय आहे."

"उच्च न्यायालय. लाल रंगाची देखणी इमारत. समोर मोकळी जागा असावी."

मसुदा समितीपुढे आला. समितीचे अध्यक्ष हयवदनअण्णा. त्यांचे मूळपुरुष खंडोजी सतराव्या शतकात लष्कराबरोबर बेंगळुरूला आले आणि परत जाण्याचा हुकूम न मिळाल्याने इथेच राहिले. हुकुमाची वाट अजून सोडलेली नाही. चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या रत्नाकररावांना अण्णांच्या घरात 'ते परवा आलेले' असं म्हणतात, पण मायेने.

अण्णांनी मसुदा दोनदा चाळला. "रत्नाकरराव, स्वल्प बघा की. विधानसौध कुठं आहे ह्यात?"

"उजवीकडे आहे."

"उजवीकडं आहे तर लिहा की ओ!"

"तो भाग..." रत्नाकररावांनी आवाज खाली आणला, "गोपनीय आहे."

समितीत निवृत्त सरकारी अभियंत्यांचं बहुमत होतं. सर्वांनी आदराने मान खाली घातली. एकाने तर खिडकी लावून घेतली.

"ते सगळं सरी," अण्णा म्हणाले (सरी म्हणजे कानडीत 'ठीक'), "पण राजधानी म्हणायची आणि विधानसौध दाखवायचं नाही? मग गाव कुठलं का असेना! आणि आमच्या खंडोजींचं नाव एकदाही नाही."

तडजोड झाली. विधानसौध प्रत्यक्ष फेरीत, मागच्या बाजूने दाखवावं (पुढची बाजू सर्वांनी गाडीतून पाहिलेलीच होती). आणि प्रत्येक स्थळाच्या माहितीत खंडोजींची यथोचित नोंद असावी. त्यानुसार बुरुजाजवळ खंडोजी थांबले असावेत, राजवाड्याजवळ थांबले असते पण तेव्हा राजवाडा नव्हता, आणि कब्बन पार्कमध्ये, ते असतं तर, नक्कीच थांबले असते, अशी भर पडली. इतिहासलेखनात इतका सावधपणा हल्ली दुर्मीळ आहे.

ठरलेल्या रविवारी सकाळी मंडळी मेख्री सर्कलच्या बुरुजापाशी जमली. पांढरे बूट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. सर्जापूर रोडवरून येताना आशयचा इतका वेळ गेला, की तेवढ्यात माणूस मिरजेला जाऊन जेवला असता. वल्लरी ऑफिसच्या कॉलमुळे घरीच राहिली होती. नयनाताई आल्या होत्या, पर्समध्ये गुडघ्याचं मलम घेऊन. रत्नाकररावांनी शिट्टी वाजवली. समारोप, पुस्तिकेप्रमाणे, लालबागेतल्या बुरुजापाशी होता.

पहिली अडचण लगेच आली. पुढे जायचं तर रस्ता ओलांडायला हवा होता. रस्ता ओलांडण्याची सोय होती, पण ती पलीकडच्या बाजूला होती. मंडळी काठावर उभी राहिली. वाहनं येत होती, येत होती, आणि मग त्यांच्या मागची येत होती. हयवदनअण्णांनी एकदा पाऊल पुढे टाकलं आणि साडेतीनशे वर्षांच्या वास्तव्याचा मान न ठेवता एका पाण्याच्या टँकरने ते मागे घ्यायला लावलं.

इथे रत्नाकररावांची योग्यता दिसली. "आपल्याला रस्ता ओलांडायचाच नाही," ते म्हणाले. "आपली फेरी पूर्णपणे डावीकडची आहे. डावीकडे वळायला रस्ता ओलांडावा लागत नाही."

मंडळी थक्क झाली. ज्या पुस्तिकेला अर्धवट म्हणून हिणवलं गेलं होतं, ती या शहरात पायी वापरता येणारी एकमेव पुस्तिका निघाली. फेरी डावीकडे वळली. फूटपाथवर क्रमाने रोहित्र, उखडलेली फरशी, फरशीखालचा खड्डा, खड्ड्यात लावलेली झाडाची फांदी, आणि स्कूटर घेऊन समोरून येणारे गृहस्थ अशी स्थळं लागली. पुढे वळण आलं. मंडळी पुन्हा डावीकडे वळली.

दुसऱ्या वळणानंतर गुडघा बोलू लागला. शेजारी एक रिक्षा हळू झाली. "बन्नि सार," रिक्षावाला म्हणाला (म्हणजे, 'या, साहेब'). रत्नाकररावांनी रिक्षाच्या मऊ सीटकडे पाहिलं. मागे आशय मोबाइल उंच धरून चित्रण करत होता. सीटच्या जागी त्यांना चौदावा मजला दिसला. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"इथे," ते धापा टाकत म्हणाले, "इथे खंडोजी थांबले होते."

"इथं?" अण्णांचा चेहरा उजळला. "किती वेळ?"

"बराच वेळ."

त्यानंतर खंडोजी नारळपाण्याच्या गाडीपाशी थांबले, एटीएमच्या पायरीवर बसले आणि एका बंद दुकानासमोर तर त्यांनी बूट काढून पाय चोळले. इतका दमलेला सरदार मराठ्यांच्या इतिहासात दुसरा नसेल. अण्णा प्रत्येक जागेला मनोभावे नमस्कार करत होते.

तिसऱ्या वळणानंतर झाडांमागे ते दिसलं. उंच खांब, मधोमध घुमट, चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्या. रत्नाकररावांचा ऊर भरून आला. आपण रस्ता चुकलो असू अशी जी पाल मघापासून त्यांच्या मनात चुकचुकत होती, ती गप्प झाली. "मंडळी," ते म्हणाले, "विधानसौध. मागची बाजू."

सगळ्यांनी टोप्या काढल्या. बूटही काढायचे का, असं कुणीतरी विचारलं. दारावर मोठी कन्नड पाटी होती. मंडळातल्या बहुतेकांना (पुस्तिकेच्या लेखकासह) कन्नड वाचता येत नसल्याने ती सरकारी वाटली. हयवदनअण्णांना येत होतं. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि रत्नाकररावांकडे पाहिलं.

"खंडोजी इथं...?"

"मुक्काम होता."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी त्या पायऱ्यांनाही नमस्कार केला.

"वॉव बाबा," आशय म्हणाला. "जन्मापासून ह्या शहरात आहे, पण हा अँगल कधी बघितलाच नव्हता! आई, ये ना, फोटो काढू."

नयनाताई इमारतीकडे टक लावून बघत होत्या. "मी नको," त्या म्हणाल्या. "माझे केस विस्कटलेत."

चौथ्या वळणानंतर बुरूज आला. तिथल्या पहारेकऱ्याने हसून विचारलं, "मत्ते बंद्रा सार?" (म्हणजे, 'परत आलात का, साहेब?')

"स्वागत करतायत," रत्नाकररावांनी मंडळींना सांगितलं. चारही बुरूज एकाच माणसाने बांधल्यामुळे ते एकसारखे दिसतात, हे त्यांनी समजावलं. लालबाग कुठे आहे, या प्रश्नावर, ती बुरुजाच्या पलीकडे आहे असं त्यांनी खरं तेच उत्तर दिलं (किती पलीकडे, असं कुणी विचारलं नाही). एवढं अंतर इतक्या लवकर कापलं गेल्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. बेंगळुरूत गाडीपेक्षा माणूस लवकर पोचतो, हे सर्वांना माहीतच होतं.

आशयने बाबांना मिठी मारली. "डन, बाबा. यू विन. सर्जापूरचा विषय क्लोज्ड."

दुपारी जेवताना नयनाताईंनी ताटात आमटी वाढली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जे विधानसौध म्हणून दाखवलंत ना, ते मंगल कार्यालय आहे."

"छे! काहीतरीच काय!"

"आशयचं लग्न तिथेच लागलं. त्याच पायऱ्यांवर तुम्ही व्याह्यांची गळाभेट घेतली होती."

रत्नाकररावांचा घास हातातच राहिला. त्यांनी खरोखरच ओळखलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी ते तिथे गाडीतून, आणि अर्थात डाव्या बाजूला बसून, गेले होते. कार्यालय उजव्या हाताला आलं होतं. "मग तिथेच का नाही बोललीस?"

"का बोलू? मला चौदाव्या मजल्यावर पापड वाळत घालायचे नाहीत. वारा सुटला की ते देवनहळ्ळीला उतरतील, विमानाबरोबर. जेवा."

"पण त्याला कळलं तर? त्याने फोटो काढलाय! सगळ्यांना पाठवला असेल!"

पाठवला होता. रत्नाकररावांनी डाव्या हाताने फोन उघडला. फोटोखाली आशयने लिहिलं होतं, 'विधानसौध, द अनसीन साइड. थँक्स टू माय बाबा.' त्याखाली लग्नाला आलेले सगळे जमले होते. मावशीने लिहिलं होतं, 'किती भव्य! एकदा पाहायलाच हवं.' ज्यांनी ते कार्यालय स्वतः ठरवलं होतं त्या व्याह्यांनी दोन्ही हात जोडले होते, 'जुन्या लोकांच्या बांधकामाला तोड नाही.' लग्न लावणाऱ्या गुरुजींनी अंगठा दाखवला होता. आणि खुद्द नवरीने, म्हणजे वल्लरीने, लाल बदाम टाकून विचारलं होतं, 'सो प्रिटी! आपण इथे कधी गेलो कसे नाही?'

रत्नाकररावांनी फोन पालथा ठेवला आणि आमटी पुन्हा मागितली. घर वाचलं होतं. पुढच्या महिन्यात पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. 'चुका आढळल्यास वाचकांनी त्या जागी पायी जाऊन खात्री करावी व मगच कळवावे', अशी विनंती तिच्यात आहे. अद्याप एकही चूक आढळलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर तिथल्या तिथे ओळखलं असतं. जरूर ओळखलं असतं. तेवढं एक मात्र करा. तुमचं स्वतःचं लग्न जिथे लागलं, त्या कार्यालयाचा दर्शनी भाग डोळ्यांसमोर आणा आणि खांब किती होते ते सांगा. होते की नव्हते, एवढं सांगितलंत तरी चालेल. (अविवाहितांनी आपल्या घरासमोरच्या इमारतीचा रंग सांगावा. खिडकीपाशी जायचं नाही.)

येत नसेल सांगता, तर मंडळाच्या पुढच्या फेरीसाठी वेगळं नाव नोंदवायला नको. तुम्ही सभासद आहातच.