सर्वांना पसंत पडलेली गोळी

एका जंगलात, मुलांनो, ठिपकेराव नावाचा बिबट्या म्हातारा झाला. दात पडले, गुडघे धरले. बायको ठिपकेबाई शिकार करायची, तर तिचाही पाय मोडला. दोघं उपाशी. हसू नका, उपाशी राहणं वाईटच असतं.

ठिपकेरावांकडे एक रिव्हॉल्व्हर होतं. कुण्या शिकाऱ्याने घाईत टाकून दिलेलं. रिकामी काडतुसं होती, दारू होती. शिसंही होतं. फक्त गोळ्या ओतायच्या होत्या.

"मग ओता की!" ठिपकेबाई म्हणाल्या.

"अगं, असं कसं? गोळीचं नाक कसं हवं, हे आधी ठरायला नको?"

झालं! सभा भरली. त्या जंगलाची रीत अशी, की सभेत आलेल्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही.

साळिंदरताई म्हणाल्या, "नाक टोकदारच हवं. माझे काटे बघा."

अस्वलदादा शिसं वितळवता वितळवता गुरगुरले, "टोकदार गोळी नुसती आरपार जाते. चपट्या नाकाची हवी. दणका बसतो."

"दोन्ही जुनाट," कोल्हेसाहेब म्हणाले. "हल्ली पोकळ नाकाची चालते. आत गेली की फुलते."

भांडण जुंपलं. तेव्हा कोल्हेसाहेबांना आठवण झाली, की ज्याला गोळी लागायची त्याचं मत कुणी घेतलंच नाही. हा केवढा अन्याय! लगेच रानडुक्कर बंडोपंतांना आमंत्रण गेलं.

बंडोपंत आले. ऐसपैस बसले. सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"मंडळी, कुणालाच नाराज का करायचं?" ते म्हणाले. "मागे अस्वलदादांची चपटी कड ठेवा. तिच्यापुढे साळिंदरताईंचं टोक काढा. टोकाला कोल्हेसाहेबांचं भोक पाडा. आणि मधे थोडी मान असू द्या, माझी आठवण म्हणून."

टाळ्या पडल्या! ठिपकेरावांचे तर डोळे भरून आले. इतका समजूतदार प्राणी त्यांनी आजवर नुसता खाल्लाच होता.

साचा कोरला, गोळ्या ओतल्या, काडतुसांत बसवल्या. मग शाल-श्रीफळाचा कार्यक्रम झाला. त्या गडबडीत गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये घालून बघायचं राहून गेलं. सत्काराच्या वेळी असलं काही काढणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बंडोपंत निवांत चिखलात लोळत होते. ठिपकेराव दबा धरून बसले. रिव्हॉल्व्हरचं सहा घरांचं चाक उघडलं, गोळ्या भरल्या, चाक मिटायला गेले.

मिटेना. प्रत्येक गोळीचं नाक घराबाहेर बोटभर डोकावत होतं.

त्यांनी दाबलं. ठोकलं. शेवटी पंजा चिमटला आणि ते ओरडले.

बंडोपंत उठून जवळ आले. "काय झालं हो, ठिपकेराव?"

"चाक बंद होत नाही."

"अरेरे! म्हणजे पुन्हा सभा बोलवावी लागणार. बोलवा, बोलवा. मी येईनच." असं म्हणून ते रताळी उकरायला गेले.

ठिपकेबाईंनी नवऱ्याचा सुजलेला पंजा पाहिला आणि उंबराखाली पडलेली फळं वेचायला लंगडत निघाल्या. मला बाई, तिचीच दया येते.

तात्पर्य: कोणती गोळी चांगली, हे ज्याची शिकार करायची त्यालाही अवश्य विचारावं. पोट भरत नाही, पण निर्णय एकमताने होतो.