काचेमागचा बिबट्या

इकडून आत.

हौसराव आणि मुक्ताबाई वडगाव रासाईहून पहाटेच्या गाडीने गुपचूप पुण्याला आले होते. गुपचूप, कारण उद्या त्यांच्या उसाची तोड होती. मालक गावात नाही असं कळलं तर मुकादम तात्याबा ऊसतोड्यांची टोळी दुसऱ्याच्या फडात घालील, याची हौसरावांना खात्री होती. पण मुक्ताबाई हटून बसल्या होत्या. "तोड झाली की खोडवा राखायचा, पुन्हा फुटवं जपायचं, त्यात पाव्हणं. आजच दावा काय त्ये पुणं."

प्राण्यांच्या संग्रहालयात पेंढा भरलेला बिबट्या होता. मागे रंगवलेलं उंच गवत. हौसरावांनी, म्हणजे गावच्या आप्पांनी, फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. खाली दोन शब्द लिहायला घेतले, पण बोटं जाड, अक्षरं बारीक आणि मुक्ताबाईंना रणगाड्यांची घाई. फोटो बिनशब्दांचाच राहिला.

मोबाईल येथे जमा करावा.

लष्करी संग्रहालयाच्या दारात फोन बंद होऊन खोक्यात गेला. आत मुक्ताबाईंनी रणगाड्याला प्रदक्षिणा घातली.

"चिखलात रुतत न्हाई म्हंत्यात."

"मग?"

"मग काय! आपल्या ट्रॅक्टरला आनून दावा एकदा."

हौसरावांनी तोफेत डोकं घालून पाहिलं. पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

बाहेर येऊन फोन चालू केला, तर तो हातात थरथरू लागला.

'आप्पांच्या उसात बिबट्या!'

'आप्पा फोन उचलनात.'

'पान्याच्या मोटारीपाशी एक चप्पल घावली.'

'उजवी का डावी?'

कुणीतरी सोसायटीच्या निवडणुकीतला त्यांचा हात जोडलेला फोटोही टाकला होता. तेवढ्यात तात्याबाचा फोन आला.

"आप्पा, जिते हाय?"

"आरं, पुण्यात हाय मी! त्यो बिबट्या मेलेला हाय, लई वर्सांपूर्वी!"

"मेलेला चार पायांवर उभा?"

"पेंढा भरलाय त्यात."

"कशापायी?"

"लोकान्ला बघायला. तिकीट हाय त्याला."

"टोळी घाबरलीया, आप्पा. उद्या आम्ही शेजारच्या सत्यजीतच्या फडात जातो."

तोडीची गेलेली पाळी परत कधी येईल हे साखर कारखान्यालाही सांगता आलं नसतं. तोवर उसाचं सरपण.

पुन्हा प्रवेशासाठी नवीन तिकीट घ्यावे.

घेतलं. बिबट्यापुढे उभं राहून हौसरावांनी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे तात्याबा, त्याच्या खांद्यावरून अख्खी टोळी.

"ह्यो बघ!"

"मधी काच हाय की. मेल्याला कोंडून कोन ठेवतं? आन् पुण्यात म्हनता, मागं तर ऊस दिसतोय."

मुक्ताबाई पुढे झाल्या. "तात्याबा, खाली बसलेल्या मानसावर बिबट्या येतो का न्हाई?"

"येतोच मामी. वाकून तोडताना त्येचंच तर भ्या."

"मग बघ." त्या बिबट्याकडे पाठ करून उकिडव्या बसल्या. टोळीने श्वास रोखला. बिबट्याने काही केलं नाही.

"पटलं?"

"पटलं, मामी. उठा आता."

मुक्ताबाई उठेनात. गुडघा धरला होता. तोंड वाकडं झालं, डोळे मोठे झाले, हात हवेत फिरू लागले.

"मामी गार पडल्या!" पलीकडे कुणीतरी ओरडलं. बादली कलंडली, पोरं पळाली.

येथे बसू नये.

खाकी कपड्यातला पहारेकरी धावत आला. "अहो मावशी, इथं बसायचं नाही!" म्हणत त्याने त्यांच्या काखेत हात घातले.

मग तात्याबाचा हलका झालेला आवाज. "आप्पा, खाकीवालं आलं?"

"आं?"

"फॉरेस्टचं सायेब! म्हंजी धरला. काचंच्या पिंजऱ्यात घातला व्हय! मग आधीच न्हाई का सांगायचं?"

हौसरावांनी तोंड उघडलं. पहारेकऱ्याच्या हाताला लोंबकळत मुक्ताबाई खेकसल्या, "आवं, व्हय म्हना!"

"व्हय," हौसराव म्हणाले. "धरला."

"मग उद्या उजाडताच तुमच्या फडात. पन सायबाला इचारा, परत आमच्याच रानात आनून सोडनार न्हाईत ना? दर टायमाला तसंच करत्यात."

हौसरावांनी गपकन फोन पहारेकऱ्याच्या कानाला लावला.

पहारेकऱ्याने ऐकून घेतलं, बिबट्याकडे पाहिलं. "छे हो," तो म्हणाला, "हा कुठं जातोय? रोज संध्याकाळी मी स्वतः कुलूप लावतो."