वाटीतली वीसची नोट

समोरच्या अक्काबाईंनी दिलेली मेथीची भाजी फस्त करून सावळीराम सरांनी वाटी स्वच्छ घासली आणि तिच्यात वीस रुपयांची नोट ठेवली.

सर अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पाच वाजता वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, ‘खुल्या बाजाराशिवाय स्वातंत्र्य नाही’. तीन वर्षं मागे लागून मिळालेली तारीख. पत्नी लंकाबाई पिंपळगावला बहिणीकडे गेल्या होत्या. नाहीतर शेजारची वाटी परत करताना तिच्यात चिमूटभर साखर तरी पडली असती. पण सरांच्या मते फुकट खाणारा मिंधा आणि मोबदला देणारा मोकळा.

बनियन-लुंगीवर त्यांनी समोरचं दार वाजवलं.

“हे काय, सर?” अक्काबाईंनी नोट चिमटीत धरली.

“तुमचे कष्ट, तुमचा माल. हा मोबदला.”

तेवढ्यात गॅलरीतून वाऱ्याची झुळूक आली आणि सरांचं दार धाडकन लागलं. आत भाषण, झब्बा, फोन.

“अक्काबाई, आमची जादा किल्ली तुमच्याकडं असते ना?”

“हाय की. खिळ्याला लटकलीये.” अक्काबाई जागच्या हलल्या नाहीत. “काय भाव देता?”

“भाव? बरं, पन्नास.”

“भाजी वीसला गेली. किल्ली तर लोखंडाची.”

“शंभर! पाचशे! दार उघडलं की लगेच देतो.”

“म्हंजे उधारीवर? आन् मला विकायचीच नाय.”

“असं कसं? योग्य भाव मिळाल्यावर...”

“सर, मी मोकळी हाय का नाय?”

“आहात.”

“मग न विकायलाबी मोकळी.”

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं त्यांना असं पकडलं नव्हतं. शेवटी अक्काबाईंच्याच फोनवरून त्यांनी लंकाबाईंना गाठलं.

“तिचा माल, तिची मर्जी,” तिकडून आवाज आला. “तुम्हीच शिकवता ना? आणि काय हो, वाटी रिकामीच नेलीत?”

“नोट होती त्यात!”

“अगंबाई! त्यापेक्षा रिकामी बरी होती.”

सव्वातीन झाले. अक्काबाईंनी वाटी पुढे केली. “ही भरून द्या, किल्ली न्या.”

“कशानं भरू? माझं घर बंद आहे!”

“माझं उघडं हाय ना.” त्यांनी ओट्याकडं बोट दाखवलं.

आयुष्यात पहिल्यांदा सरांनी रवा भाजला. लुंगीला तूप लागलं, चष्म्यावर वाफ धरली, शिऱ्यात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. उंबऱ्यात मटार सोलत अक्काबाई गुणगुणत होत्या:

वाटी निघाली शेजारी, तिला भरून धाडावी
माझ्या अंगणाची ओल, तुझ्या दारी गं पोचावी

त्यांनी शिरा चाखला. “गोडाला कमी हाय. पण हाताचा हाय.” आणि किल्ली सरांच्या तळहातावर ठेवली.

पाचला सर व्यासपीठावर उभे राहिले. भाषणाचे कागद त्यांनी घडी करून खिशात घातले.

“मंडळी, विषय माझाच आहे, उत्तर मात्र दुपारी बदललं. बाजार असावा, माझं काही म्हणणं नाही. पण माणूस मोकळा आहे का, हे बाजार ठरवत नाही. त्याला ‘विकत नाही’ म्हणता यावं, आणि वाटलं तर नुसतंच देताही यावं.” मग घसा खाकरून त्यांनी चक्क ती ओवी म्हटली. टाळ्यांनी छत दणाणलं. शेवटच्या रांगेत अक्काबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

खांद्यावर सत्काराची शाल तशीच ठेवून सरांनी संध्याकाळी दार उघडलं, तर लंकाबाई नुकत्याच पिंपळगावहून परतल्या होत्या. “लंका, जिंकलो!”

“कळलं. अक्कानं शिरापण चाखवला.” लंकाबाईंनी पिशवी खाली ठेवली. “चांगला जमतो तुम्हाला. आता दर गुरुवारी मी पिंपळगावला. बहिणीच्या मंडळात ओव्या म्हणायच्यात.”

“दर गुरुवारी? आणि जेवण? हे बघ, गुरुवारच्या बदल्यात तुला...”

“अहो,” लंकाबाई गोड हसल्या, “गुरुवार मला विकायचाच नाही.”

सरांनी शाल खुंटीला अडकवली आणि रव्याचा डबा कुठं असतो ते विचारलं.