कोठीतला दुसरा कप

लाल विटांच्या कोठीचा रखवालदार तिच्या इतिहासाला मनापासून कंटाळला होता. वसाहतीच्या काळात कुणा परदेशी मालकाने ती बांधली, विटासुद्धा जहाजातून आणल्या आणि म्हातारपणी तिथेच डोळे मिटले. आता तिचं संग्रहालय झालं होतं. एवढाच तो इतिहास. तोही ऐकायला कुणी फिरकत नसे. बायको गेल्यापासून रखवालदाराला घरी तरी कोण होतं? म्हणून दुपारी तो वरच्या खोलीच्या खिडकीत दोन कप मांडायचा. एक स्वतःचा, एक तिचा, कानतुटका. तिच्याशी चार गोष्टी बोलायचा आणि मग तिचाही चहा आपणच प्यायचा. चहा वाया घालवलेला तिला खपत नसे.

एके दिवशी संग्रहालयाचे अधिकारी दत्त म्हणून उभे राहिले. कोठीत खाणंपिणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं.

"हे कप कुणाचे?"

"मालकांचे, साहेब," रखवालदाराच्या तोंडून निघून गेलं. "आणि... मालकीणबाईंचा."

"मग ओले कसे?"

"रोज धुतो ना साहेब. जतन करायचं म्हणून."

अधिकारी हरखले. कोठीत दाखवायला आजवर विटांखेरीज काही नव्हतं. कप काचेच्या कपाटात गेले, किल्ली अधिकाऱ्यांच्या खिशात गेली आणि 'हात लावू नये' ही पाटी ठोकायचं काम रखवालदाराकडे आलं.

लोक येऊ लागले, मालकीणबाईंबद्दल विचारू लागले. तो सांगायचा, या कपावर बाईंचा भारी जीव. नवा आणला तर रुसून बसायच्या. ऐकताना बायका डोळे पुसत. दुपारी मात्र तो पेल्यात चहा घेऊन काचेसमोर एकटाच बसे. तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटे त्याला. कप परत हवा होता, पण मागणार कुठल्या तोंडाने?

गोष्ट पसरत पसरत मालकाच्या पणतीपर्यंत पोचली. ती म्हातारी काठी टेकत आली.

"पणजी इथे होती?" ती म्हणाली. "तिला तर बोट लागायची. ती इथे कधी आलीच नाही. पणजोबा एकटेच राहिले."

"मग हा कप?" अधिकाऱ्यांनी गर्रकन वळून विचारलं.

रखवालदाराच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्याची नजर कपावरच होती. म्हातारीने ती पाहिली.

"मीच विसरले. पणजीचाच तो," ती म्हणाली. "कपाट उघडा. आज मी याच कपांतून चहा घेणार."

"अहो, पण ऐतिहासिक वस्तू..."

"माझ्याच घराण्याच्या ना? काढा किल्ली."

चहा आला. अधिकारी फोटोवाल्याला बोलवायला धावले, तसा म्हातारीने कानतुटका कप रखवालदारापुढे सरकवला.

"साखर किती घ्यायची ती?"

"दीड चमचा," तो म्हणाला. "वर म्हणायची, तुम्ही हात आखडता घेता."

"मग आज दोन घाला. आणि तिचं पुढचं सांगा. आमच्या पणजोबांनाही तेवढीच सोबत."

रखवालदाराने चहावर फुंकर घातली आणि सांगायला सुरुवात केली.