देवीला कान नाहीत

वहिनीने भट्टी उघडली, पहिला कप कानाला धरून उचलला, आणि कान तेवढा हातात आला. कप जागच्या जागी राहिला. तिने दुसरा उचलला, त्याचंही तेच. तिसऱ्याला धसकून नुसतं बोट लावलं, तर त्याने आपण होऊन कान खाली टाकला.

हे कप रोजच्यासारखे नव्हते. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत लोक एकमेकांना भेटी देतात, त्यासाठी चौकातल्या भेटवस्तूंच्या दुकानाने या वर्षी पहिल्यांदा वहिनीला एक फळी देऊ केली होती. दर्शनी भागातली, नजरेच्या उंचीवरची फळी, आणि तिच्यावर वहिनीच्या नावाचं कार्ड. लग्न झाल्यापासून ती मागच्या खोलीत चाक फिरवत होती आणि घरचे लोक पाहुण्यांना सांगत होते, "ती मातीत काहीतरी करते." तिने प्रेमाने दिलेल्या कपांत कुणी पेनं ठेवली होती, कुणी कोरफड लावली होती. प्रत्येक कपाच्या बुडाशी तिच्या नावाचा शिक्का असायचा, पण कपाचं बूड भांडी घासणाऱ्याखेरीज कोण बघतं? एकदा तरी ते नाव बुडाखालून वर यावं आणि चार लोकांनी उभ्याउभ्या वाचावं, एवढंच तिला हवं होतं.

कपाचा कान मागाहून चिकटवतात. मग कप आणि कान दोघांनी एकदम, सावकाश सुकायचं असतं, म्हणून वहिनी सगळ्यांवर प्लास्टिक पांघरून ठेवायची. खोली तापली की बारका कान आधी सुकतो, आकसतो, आणि सांध्यात केसाएवढी चीर पडते. ती वरून दिसत नाही. भट्टीतून निघाल्यावर दिसते, आणि तेव्हा दिसून काही उपयोग नसतो.

"माझ्या खोलीत कोण आलं होतं?" वहिनीने नवऱ्याला विचारलं.

त्याने कानांवर हात ठेवले. "मी तिथे पाऊलसुद्धा टाकत नाही. तूच बंदी घातलीयस."

वहिनीने खोली पुन्हा नीट पाहिली. कोपऱ्यातला हीटर खोलीच्या मध्यावर आला होता. चाकावर मेणाचे थेंब होते. या घरात मेणबत्त्या लावणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे नवऱ्याची बहीण, धाकटी. धाकटीने आजवर कच्च्या भाज्यांवर राहून पाहिलं होतं, उलटं टांगून घेतलं होतं, एक अख्खा उन्हाळा अनवाणी काढला होता. या वर्षी ऋतुदेवी आल्या होत्या. प्रत्येक ऋतूची एक देवी, तिला बायकांनी गोल बसून बोलवायचं, आणि ती आली की डोळे मिटून तिचं ऐकायचं, असा एकंदर प्रकार होता.

"तू माहेरी गेली होतीस ना, तेव्हा एकदाच बसलो आम्ही," धाकटी म्हणाली. "मातीच्या खोलीत देवी पटकन येते गं."

"आणि हीटर कशाला?"

"हिवाळ्याची देवी आहे वहिनी. तिला थंडी वाजते."

"हिवाळ्याच्या देवीला?"

"मग? तिलाच तर सगळ्यात जास्त वाजणार."

"आणि कपांवरचं प्लास्टिक?"

"फरशी किती गार होती. बायका बसणार कशावर?"

वहिनीने ओंजळभर कान तिच्यापुढे धरले. कुणीही शहाणं माणूस अशा वेळी माफी मागतं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वेगळ्याच कारणाने.

"वहिनी, हा संकेत आहे."

"कसला संकेत?"

"देवीने कान काढून घेतले. हिवाळा मौनाचा ऋतू असतो. तिला कुणाचं काही ऐकायचं नाहीये."

"मलाही नाही," वहिनी म्हणाली. कप तिने खोक्यांत भरून मागच्या दाराशी ठेवले, सवडीने हातोडीने फोडायला, आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीकडे तोंड करून एकटीच रडली. वर्षभर वाट पाहिलेली फळी हातची गेली होती, आणि ती घालवणारी बाहेर कुणाला तरी फोनवर संकेताची बातमी देत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माल देता येणार नाही हे सांगायला ती दुकानात गेली, तर फळी भरलेली होती. तिचेच कप होते, मागच्या दारातून धाकटीने उचलून आणलेले. कानांच्या जागचे खडबडीत व्रण कुणीतरी घासून गुळगुळीत केले होते. धाकटीच्या देवीमंडळातल्या बायकांनी सकाळभर एकीच्या ओटीवर बसून दगडाने ते घासले होते आणि त्याला साधना म्हटलं होतं. वहिनी इतकी वर्षं तेच करत होती, तेव्हा ते मातीत काहीतरी करणं होतं. फळीवर सोनेरी शाईने लिहिलेलं कार्ड होतं. वर चंद्रकोर, आणि खाली: "हिवाळ्याच्या देवीची ओंजळ. हिला कान नाहीत. धरू नका, दोन्ही हातांत सामावून घ्या."

"काय कल्पना आहे हो तुमच्या नणंदेची," दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

"अहो, हे मोडके कप आहेत."

"हळू बोला, गिऱ्हाईक आहे. मोडके म्हणू नका, ओंजळ म्हणा."

"आणि माझं नाव?"

बाईंनी कार्डाकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "जागा उरली नाही ना."

फळी बघता बघता रिकामी झाली. सरळ, नेटक्या, कानवाल्या कपांना ज्यांनी कधी हात लावला नव्हता, ते लोक आता मोडक्या कपांसाठी रांगेत उभे होते. दुकानवाल्या बाईंनी आणखी मागवले. वहिनीने सांगितलं, कान नसलेला कप मी करत नाही. "मग कानासकट करा," बाई म्हणाल्या, "आणि मग मागच्यासारखे पडू द्या." नवरा म्हणाला, "जातायत ना विकले? मग चिडतेस कशाला?" या प्रश्नाला उत्तर म्हणून वहिनीने मागच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि नव्याने कप करायला घेतले. प्रत्येकाला कान लावला, आणि तो असा दाबून लावला की नवरा दाराबाहेरून दबकत निघून गेला.

ते कप भट्टीतून धडधाकट निघाले, त्याच दिवशी दातांचे डॉक्टर दारात उभे राहिले. त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि डाव्या हातात ओंजळ होती.

"ही तुम्ही केलीत?"

"मी कप केला होता. ओंजळ देवीने केली."

"माझ्या बायकोने सुट्टीची भेट म्हणून दिली. मी उकळती कॉफी ओतली आणि लिहिल्याप्रमाणे दोन्ही हातांत सामावून घेतली. डावा वाचला, उजवा पोळला. आता मला चिमटा धरता येत नाही. लोक सुजलेले गाल घेऊन परत जातायत."

"मग देवीकडे जा."

"देवीचा पत्ता नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कप उलटा केला. "खाली तुमचा शिक्का आहे."

वहिनीचं नाव शेवटी लोकांनी वाचलं होतं, आणि ते असं. त्याच दिवशी पेटी शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला, मग शाळेच्या मुख्याध्यापकांचा. कौतुक सगळं देवीच्या पदरात आणि बोलणी खायला वहिनी. हा कुठला न्याय, असं तिने डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते दातांचे डॉक्टर आहेत.

तिने त्यांना बसवलं आणि चहा दिला, आज निघालेल्या कपात. डॉक्टरांनी आधी कपाकडे संशयाने पाहिलं. मग डाव्या हाताने कान धरला, एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि चहा संपला तरी कप सोडला नाही.

"हा मिळेल का विकत?"

"दुकानात मिळेल," वहिनी म्हणाली. "माझ्या नावाने मिळेल."

नवीन कार्ड लिहायला तिने धाकटीलाच बसवलं. वहिनीला धाकटीकडे अजून बघवत नव्हतं, पण घरात अक्षर तेवढं तिचंच चांगलं होतं. धाकटी चहा घेऊन बसली. वहिनीने पाहिलं, तो आपणच कधीतरी दिलेला कानवाला कप होता. त्यातली पेनं टेबलावर पसरली होती.

"ओंजळीत घे ना," वहिनी म्हणाली.

"पोळतं गं," धाकटी पुटपुटली. मग खाली मान घालून म्हणाली, "चुकलंच माझं. काय लिहू?"

"देवी नको. ऋतू नको. ओंजळ तर नकोच. फक्त माझं नाव."

"नुसतं?"

"नुसतं. मोठ्या अक्षरांत."

आयुष्यात पहिल्यांदा धाकटीने सांगितलं तेवढंच केलं. सोनेरी शाईने, कार्डभर, एकच नाव. फक्त सवयीने वर चंद्रकोर काढली गेली, ती आता खोडली तर कार्ड खराब होणार होतं.

सकाळी दोघींनी मिळून फळी लावली. सगळे कान एका बाजूला, मधोमध कार्ड. वहिनी चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. हातांवर माती तशीच होती, पण तिला त्याचं भान नव्हतं. तिचं नाव नजरेच्या उंचीवर होतं. तेवढ्यात पिशवी घेतलेल्या एक वयस्कर बाई आत आल्या, फळीपुढे थांबल्या, आणि त्यांनी ते नाव उभ्याउभ्या, मोठ्याने वाचलं.

बाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही इथेच कामाला ना? मागच्या वेळी हिवाळ्याची होती. ही कुठली देवी? हिचं नाव कधी कानावर आलं नाही."

धाकटीने तोंड उघडलं. वहिनीने तिच्या पायावर पाय दिला. दुकानवाल्या बाई काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकल्या आणि वर यायचं नाव घेईनात.

"ही कुठल्या ऋतूची?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"बाराही महिन्यांची," वहिनी म्हणाली.

"अगं बाई. आणि कशाची देवी आहे?"

"रागाची."

बाईंनी कार्डाकडे आदराने पाहिलं, मग कपांकडे. "हिला कान आहेत."

"आहेत. सगळं ऐकते ती. कोण काय म्हणतं, कोण काय करतं."

बाईंनी एक कप उचलला. थोडा विचार करून दुसराही उचलला, दोन्ही कानांना नीट धरून. जाताना त्या पुन्हा फळीपुढे थांबल्या, डोळे मिटून त्यांनी सोनेरी अक्षरांना मान लववली आणि हळूच म्हणाल्या, "काही चुकलं असेल तर सांभाळून घे."

वहिनी त्यांना खरं सांगणार होती. पण गेल्या इतक्या वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तिने तो नमस्कार ठेवून घेतला.